तुमच्याकडं शाळेच्या ड्रेसला माया किती सोडतात?

टेलरचं_पोरगं (कोल्हापूर)

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटंल, पण विचारणारा मी नाही, आमचे आण्णा आहेत. आण्णांनी चाळीस वर्षं पेठेत शाळेचे ड्रेस शिवले. मे महिना निम्मा सरला की आमच्या घरात कुणी आजारी पडायचं नाही असा नियमच होता, कारण जूनमध्ये शाळा उघडायची आणि अख्ख्या गल्लीला ड्रेस आदल्या रात्री पाहिजे असायचा. एका कोपऱ्यात खाकी चड्ड्यांचा ढीग, दुसऱ्यात निळ्या ट्यूनिकचा, मी आणि बहीण बारा-बारा वाजेपर्यंत बटणं लावत बसायचो, काज मात्र आई करायची, आमच्या हातच्या काजांवर आण्णांचा भरवसा नव्हता.

आता मशीन बंदच आहे म्हणा. शाळा सांगेल त्या एकाच दुकानातनं तयार ड्रेस घ्यायचा, खिशावर शाळेचा लोगो, कापडाचा शेड असा की बाहेर कुठं मिळत नाही. परवा माझ्या पोरीचा स्कर्ट लांडा झाला म्हणून आण्णांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, चष्मा वर सारला आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अर्धा इंच माया सोडलीय रं हितं. पोरगी सातवीत हाय. अर्ध्या इंचात कुटं वाढणार ती?"

आण्णा माया म्हणून खाली चार बोटं जादा कापड दुमडून ठेवायचे, बाजूच्या शिलाईत दोन्हीकडं इंच-इंच. तिसरीत शिवलेला ड्रेस पाचवीपर्यंत उसवत उसवत जायचा. तर आता त्यांचं डोकं त्यातच अडकलंय. विचारतायत, "परदेशात काय करत्यात? तिकडची पोरं वाढत न्हाईत व्हय?"

आपल्यातले बरेच जण बाहेर आहेत म्हणून विचारतो. घरात शाळेचा ड्रेस असेल तर उलटा करून बघा आणि सांगा. बाकी ड्रेसबद्दल काय सांगायचं असेल तर तेही सांगा, आण्णांना रात्री वाचून दाखवतो.

पुणेरी_पाटी

शीर्षक वाचून वाटलं कौटुंबिक जिव्हाळ्याचा धागा आहे. आत आलो तर शिलाईकाम.

टेलरचं_पोरगं

शिलाईत सोडतात ती पण मायाच की ओ. पुण्यात काय म्हणतात?

पुणेरी_पाटी

पुण्यात सोडतच नाहीत.

ओसाकाची_वहिनी

मी सांगतो. लेकाचा ड्रेस आत्ताच उलटा करून बघितलो. बाहीला आतनं दुमड आहे आणि त्यावर एक धागा असा घातलाय की तो ओढून काढला की बाही तीन-चार सेंटीमीटर लांब होते, टेलरकडं जायलाच लागत नाही. पँटलाही खाली भरपूर आहे. इथं माध्यमिकला ड्रेस चालू होतो आणि तीन वर्षं तोच पुरवायचा असतो, त्यामुळं पहिल्या वर्षी सगळी पोरं बापाचा कोट घातल्यासारखी दिसतात, हात बाहीतच. आण्णांना सांगा, जपानात माया आहे.

सरकारी प्राथमिकला बहुतेक ठिकाणी ड्रेसच नसतो. तिथं सगळा थाट दप्तराचा. रान्दोसेरू म्हणतात, कडक चामड्याची पेटी पाठीवर, शब्द मूळचा डच. सहा वर्षं एकच दप्तर चालवायचं. पन्नास-साठ हजार येन सहज लागतात आणि ते आजी-आजोबांनी घ्यायची पद्धत आहे. आमच्या सासूबाईंनी इचलकरंजीतनं फोन करून विचारलं की एवढ्या पैशात त्यात काय सोनं घातलंय काय.

मोठ्या पोरांचा काळा बंद गळ्याचा कोट असतो ना, त्याला गाकुरान म्हणतात, तो लष्करी धाटणीवरनं आलाय, १८८६ ला टोकियोच्या विद्यापीठात सुरू झाला. आणि पोरींचा जो चित्रांत दिसतो तो खलाशाच्या कॉलरचा ड्रेस, तो १९२० च्या आसपासचा. मूळ युरोपातल्या आरमाराचा. म्हणजे पोरगं सैनिक आणि पोरगी खलाशी. १ जूनला उन्हाळी ड्रेस चालू, १ ऑक्टोबरला हिवाळी, थंडी वाजू दे नाहीतर उकडू दे, तारीख म्हणजे तारीख. आता जरा ढिलाई देतात.

अजून एक. शाळा संपताना पोरी आवडत्या मुलाकडनं त्याच्या कोटाचं वरनं दुसरं बटण मागून घेतात. काळजाजवळचं म्हणून.

पुणेरी_पाटी

"बघितलो"? वहिनी की भाऊजी?

ओसाकाची_वहिनी

कोल्हापूरची पोरगी आहे, आमच्यात बायका येतो-जातोच म्हणतात. ओसाकात बारा वर्षं काढली तरी ते सुटलं नाही, तुमच्यासाठी सोडू?

रंकाळा_कट्टा

नाद खुळा वहिनी 😄

दुसऱ्या बटणाचं वाचून आठवलं, आमच्या खाकी चड्डीचं बटण कायम तुटलेलं आणि सेफ्टी पिन लावलेली, ते कुणी मागितलं नसतं. पण आण्णांच्या चार बोटांबद्दल एक सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नका. माझा पण ड्रेस तसाच, दरवर्षी उसवायचा. पण उसवल्यावर काय व्हायचं, वरचं कापड धुऊन धुऊन पांढरं पडलेलं आणि आतनं निघालेली पट्टी कोरी गडद. आणि मधी जुन्या दुमडीची रेघ, ती इस्त्रीनं जात नाही. मग वर्गात कुणाच्या चड्डीला एक रेघ, कुणाच्या दोन. न सांगता कळायचं कोण नवीन शिवतो आणि कोण उसवतो. सगळे सारखे दिसावेत म्हणून ड्रेस म्हणतात ना, माझ्या चड्डीला तीन रेघा होत्या.

टेलरचं_पोरगं

हे आण्णांना वाचून दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, त्याला सांग, त्या रेघेवर नीळ आणि चहाच्या पाण्याचा हात फिरवला की खाकी जरा जुळती, त्याच्या आईला म्हाईत नसंल.

क्रॉयडनचा_पाव्हणा

इंग्लंडची गंमत ऐका. इथं लहान मुलांच्या कपड्यावर व्हॅट नाही, शून्य टक्के. पण लहान मूल कोण ते मापावरनं ठरतं, साधारण चौदा वर्षांखालच्या मुलाच्या मापापर्यंत सूट, त्याच्या वरच्या मापाला २० टक्के कर. माझं पोरगं बाराव्या वर्षीच ताडमाड झालं, त्याच्या आईकडची उंची, तर त्याच्या शाळेच्या पँटवर आम्ही कर भरतोय आणि त्याच्या वर्गातलं बुटकं पोरगं बिनकराचं. आण्णांना हे नक्की सांगा.

माया मात्र नाही. सुपरमार्केटात भाजीच्या शेजारी शाळेच्या पँटी टांगलेल्या असतात, अगदी स्वस्त, लांडी झाली की टाकायची आणि दुसरी. दुखणं ब्लेझरचं. लोगोवाला ब्लेझर, लोगोवाला टाय, लोगोवाला पीटीचा टीशर्ट, आणि ते सगळं एकाच ठरलेल्या दुकानात. तुमच्या पोरीच्या शाळेसारखंच. यावरनं इतकी बोंब झाली की २०२१ ला पार्लमेंटनं फक्त ड्रेसच्या खर्चावर एक कायदाच केला. त्याच्या नियमांत आहे की लोगोच्या वस्तू कमीत कमी ठेवा, एकाच दुकानाला वर्षानुवर्षं मक्ता देऊ नका, जुन्या ड्रेसची सोय करा. आमच्या शाळेत आता सत्राच्या शेवटी जुन्या ड्रेसचं टेबल लागतं आणि चांगल्या चांगल्या घरच्या बाया तिथं उलथापालथ करत असतात, लाजबिज काही नाही.

जगातला सगळ्यात जुना चालू ड्रेस पण इकडंच, क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा आहे, १५५२ ची. अजून पोरं घोट्यापर्यंत लांब निळा झगा आणि पिवळे मोजे घालून फिरतात. शाळा निघाली गरिबांच्या पोरांसाठी, निळा रंग तेव्हा स्वस्तातला म्हणून, आणि आता तो झगा म्हणजे मोठा मान. ड्रेस शाळाच देते.

आणि जून २०१७ ला इथं भयंकर उकडत होतं, एक्झिटरच्या एका शाळेत पोरांनी हाफ पँटची परवानगी मागितली, नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पोरं बहिणींचे स्कर्ट घालून आली. नियमात स्कर्ट होता ना! पुढच्या वर्षापासनं हाफ पँट चालू.

सूतगिरणीचं_भूत (इचलकरंजी)

मी कापड धंद्यातला, कोलंबोला येणं-जाणं असतं म्हणून श्रीलंकेचं सांगतो, आण्णांना हे सगळ्यात पटणार. तिथं सरकार पोरांना ड्रेस देत नाही, कापड देतं. १९९३ पासनं. सगळ्या देशात पांढरं. पोरींचा पांढरा फ्रॉक, धाकट्या पोरांना पांढरा शर्ट आणि निळी चड्डी, मोठ्यांना पांढरी पँट. कापड घरी आणायचं आणि आपल्या गावच्या टेलरकडनं आपल्या मापानं शिवून घ्यायचं. म्हणजे माया किती सोडायची ते आई आणि टेलर ठरवणार. मधी काही वर्षं कापडाऐवजी व्हाउचर दिली, मग परत कापड. अलीकडं ते कापड चीनकडनं भेट म्हणून येतं, ते आपल्याला जरा झोंबतं, इचलकरंजीत १९०४ ला यंत्रमाग आला आणि आम्ही बसलोय माग भंगारात घालत, ते असो.

पांढरा रंग मळतो म्हणाल. तिथं पण आया तेच म्हणतात.

आपल्याकडं शाळेच्या पँटचं बरंचसं कापड भिलवाड्याचं, आणि तयार ड्रेस सोलापूरचा. सोलापुरात ड्रेसचे केवढे कारखाने आहेत, प्रदर्शनं भरतात, बाहेरच्या देशातले व्यापारी येतात. वहिनी, तुमच्याकडं पण असं एखादं गाव असेलच?

ओसाकाची_वहिनी

आहे की. ओकायामा. कोजिमा म्हणून भाग आहे तिथं ड्रेसचे मोठे कारखाने, आणि तिथंच जीन्सचं कापड पण. आधी तिथं कापूस पिकायचा, मग मोजे-पट्टे विणायचे, मग शाळेचे कोट. थेट इचलकरंजीच.

आणि महाग ड्रेसचं म्हणाल तर २०१८ ला टोकियोत गिन्झामधल्या एका सरकारी प्राथमिक शाळेनं अर्मानीचा ड्रेस ठरवला, सगळं मिळून ऐंशी हजार येनच्या आसपास. सरकारी शाळा बरं का! संसदेपर्यंत गेलं प्रकरण.

गुरुजी_निवृत्त (राधानगरी तालुका)

धागा वाचतो आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे नोकरी केली, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दोन ड्रेसचे मिळून ६०० रुपये मुलामागे येतात, म्हणजे एका ड्रेसला ३००. त्यात कापड, शिलाई, बटणे सगळे आले. आण्णांना विचारा ३०० रुपयांत चार बोटे माया बसते का. पण त्याहून मला बोचायचे ते वेगळेच. कितीतरी वर्षे ही योजना सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुले आणि दारिद्र्यरेषेखालची मुले एवढ्यांनाच होती. म्हणजे एकाच बाकावर दोन मुले, एकाला ड्रेस मिळणार, दुसऱ्याला नाही, आणि दुसऱ्याचा बाप दारिद्र्यरेषेच्या कार्डावर नाही एवढेच, बाकी परिस्थिती तीच. वाटपाच्या दिवशी दुसरे पोर माझ्याकडे बघत बसायचे. मी आणि आमचे एक सहकारी त्या मुलांसाठी वर्गणी काढायचो आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून घाऊक कापड आणायचो. २०२३ मध्ये राज्याने उरलेल्या मुलांनाही द्यायचे ठरवले तेव्हा मी निवृत्त झालो होतो.

२०२४ ला राज्यभर एकच ड्रेस आला, आकाशी आणि गडद निळा. कापड कापून बचत गटांच्या बायकांकडे शिवायला द्यायचे. कल्पना वाईट नव्हती, बायकांना काम. पण कितीतरी ठिकाणी १५ ऑगस्ट उलटला तरी ड्रेस नाही, आला तो मापात नाही. चौथीच्या मुलाला दुसरीचा. वर्षअखेरीस पुन्हा शाळा समितीकडे काम दिले. इथून कापलेले कापड मुलाचे अंग न बघता पाठवले की असेच होणार. श्रीलंकेचे वाचून तेच वाटले, त्यांनी कात्री टेलरच्या हातात ठेवली.

शाहू महाराजांनी १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना १ रुपया दंड होता. तेव्हा मुले धोतर, लंगोट, असेल त्यात येत. ड्रेस नाही म्हणून कुणी परत गेले नाही.

भावा_थांब

गुरुजी 🙏 पण मग ड्रेसच नको की. उगंच इंग्रजांचं भूत. कर्नाटकात २०२२ ला ड्रेसवरनं काय रामायण झालं बघितलं ना

रंकाळा_कट्टा

भावा थांब. त्यावर वेगळा धागा काढ, हितं आण्णांचा स्कर्ट चाललाय.

म्युनिकची_आई

जर्मनीत ड्रेस नाही. अजिबात नाही. गणवेश म्हटलं की त्यांना तो हिटलरचा जुना काळ आठवतो, त्यामुळे विषय काढला तरी चेहरे बदलतात. पण तुम्ही कोल्हापूरकर आहात म्हणून एक सांगते. बालवाडीत प्रत्येक मुलाला चिखलाची पँट लागते, रबरी, खांद्यावरून पट्टे, कपड्यांवरून चढवायची आणि पावसात बाहेर खेळायला पाठवायचं. पाऊस आहे म्हणून आत बसणं नाही. मला पहिल्या दिवशी रडू आलं होतं, आमच्याकडे गंगावेशीत आई पावसाचा थेंब पडला की डोक्यावर टॉवेल टाकायची.

रंकाळा_कट्टा

ही पँट कोल्हापुरात जून ते सप्टेंबर सक्तीची करा राव. आमच्याकडं दोन ड्रेस, एक अंगावर आणि एक दोरीवर, आणि दोरीवरचा चार दिवस वाळत नाही. फ्रिजच्या मागं, पंख्याखाली, शेवटी सकाळी ओल्यावरच इस्त्री. तो वास! ओल्या खाकीवर गरम इस्त्रीचा वास आला की मला अजून गृहपाठ राहिलाय असं वाटतं.

जकार्तातला_जावई

इंडोनेशियाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. इथं देशभर रंग ठरलेत, १९८२ पासनं. प्राथमिकला पांढरा शर्ट लाल चड्डी, मधल्या तीन वर्षांना गडद निळं, वरच्या तीन वर्षांना करडं. रस्त्यात पोरगं दिसलं की कितवीतलं ते अंदाजानं कळतं. शिवाय एखादा दिवस स्काउटचा तपकिरी, एखादा दिवस बाटिक. रंग सगळीकडं एकच असल्यानं कुठल्याही बाजारात, कुठल्याही टपरीवर तो लाल स्कर्ट मिळतो, घासाघीस करता येते, थोरल्याचा धाकट्याला, शेजारच्याचा आपल्याला. मक्ता कुणाला देणार? सगळ्यांकडंच आहे. शाळा संपली की पोरं एकमेकांच्या शर्टावर रंगाचे फवारे मारतात, सह्या करतात, त्यावरनं दरवर्षी ओरडा होतो की अरे ते शर्ट कुणाला तरी द्या.

क्युबात पण असंच इयत्तेप्रमाणं रंग आहेत म्हणे, आमच्या ऑफिसातला एक जण तिकडं राहिलाय.

सूतगिरणीचं_भूत

जावईबापू, लाखातलं बोललात. ड्रेस सारखा का वेगळा यावर लोक भांडत बसतात. ड्रेस किती दुकानांत मिळतो ते बघा आधी. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, शाळा जेव्हा खास चेक्स विणून घेते ना, तेव्हा तो चेक्स पोरांसाठी नसतो. तागा दुसऱ्या कुणाकडं मिळू नये म्हणून असतो.

पुणेरी_पाटी

हे वाक्य मी आमच्या पालक सभेत माझं म्हणून सांगणार आहे.

मोंटेव्हिडिओ_रिटर्न

आयटीच्या प्रोजेक्टवर उरुग्वेत तीन वर्षं होतो. तिथं सरकारी प्राथमिक शाळेत पोरं घरच्या कपड्यावर पांढरा झगा घालतात, डॉक्टरसारखा, आणि गळ्यात हा एवढा मोठा निळा बो. बस. आत फाटका टीशर्ट असो नाहीतर ब्रँडेड, वरनं सगळे पांढरे. शेजारच्या अर्जेंटिनात पण पांढरा झगा, बो नाही. झगा सैलच असतो त्यामुळं आण्णांच्या प्रश्नाला उत्तर असं की सगळा झगाच माया.

रंकाळा_कट्टा

आण्णांना हे आवडणार नाही, टेलरला कामच उरत नाही.

ओसाकाची_वहिनी

केरळचं पण वाचा कुणी. एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा म्हणून गाव आहे, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं २०१८ ला मुलं-मुली सगळ्यांना शर्ट आणि गुडघ्याखाली येणारी चड्डी केली. पोरींना पळायला, झाडावर चढायला सोपं. आम्ही पेठेत सायकल मारताना एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातानं ट्यूनिक दाबत जायचो, वारा सुटला की संपलंच. आठवीत गेलो की पंजाबी ड्रेस आणि ओढणी, ती साखळीत अडकायची. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, त्या पण रोज धुवायच्या.

टेलरचं_पोरगं

ट्यूनिकच्या बॉक्स प्लीटना कापड लई जातं, असं आण्णांचं म्हणणं. चड्डी कधीही स्वस्त. केरळ बरोबर आहे म्हणाले.

सगळं वाचून दाखवलं, दोन रात्री लागल्या. जपानच्या धाग्यावर फार खूश आहेत, मला कागदावर काढून दाखव म्हणाले कसा घातलाय, वहिनी जमलं तर आतनं फोटो टाका. इंग्लंडच्या कराला मोठ्यांदा हसले. गुरुजींना नमस्कार सांगितलाय, ३०० मध्ये चार बोटं बसत नाहीत, पण दोन बसवली असती म्हणाले.

आता स्कर्टचं. अर्ध्या इंचात काहीच होईना तेव्हा त्यांनी कंबरपट्टी उसवली आणि वरच्या बाजूनं दोन इंचाची पट्टी जोडली. खाली हात लावलाच नाही, म्हणजे रेघ पडायचा प्रश्न नाही (कट्टा, हे तुमच्यासाठी). शाळेच्या शेडचं कापड महाद्वार रोडला सात दुकानांत मिळालं नाही, म्हणून पट्टी साध्या नेव्ही ब्लूची लावलीय. शर्ट वर सोडला असता तर झाकली असती, पण शाळेत शर्ट आत खोचायचा नियम आहे. त्यावर बेल्ट येतो. बेल्ट दीड इंचाचा.

क्रॉयडनचा_पाव्हणा

म्हणजे अर्धा इंच दिसतोय?

टेलरचं_पोरगं

दिसतोय. तीन दिवस झाले, बाईंच्या लक्षात आलेलं नाही. पोरगी वही पोटाशी धरून चालते.